फाटक लावून घ्या

खट्ट! दारातल्या टपालफटीची झडप पडली, आणि पावणेदोन तास थोपटून झोपवलेला विल्फ टक्क जागा झाला.

पायपुसण्यावर कौन्सिलचं लांबडं पाकीट पडलं होतं. एका हातात रडणारं बाळ, दुसऱ्या हातात पाकीट. दातांनी फाडलं. येत्या चौदा तारखेला, गावच्या हॉलमध्ये, पेटिफरच्या कुरणाची सुनावणी!

"आता बघच तू," मी नवऱ्याला म्हणाले, "ते कुरण मी एकटीनं वाचवून दाखवते!"

"ब्रायनी, काल तू दुधाची बाटली मोज्यांच्या खणात ठेवलीस," गॅरेथ म्हणाला. काय ती श्रद्धा!

पण माझा निश्चय ठाम होता. आमच्या घराला बाग नाही. मागच्या दारी दोन कचऱ्याचे डबे आणि एक हिरमुसलेली पुदिन्याची कुंडी, एवढाच आमचा निसर्ग. बाकी सगळं ते कुरण. आमची नेल तिथेच पहिलं पाऊल टाकायला शिकली, आणि दुसरं पाऊल थेट शेणात टाकलं. बर्फ पडला की ती चहाच्या ट्रेवर बसून उतारावरून किंचाळत खाली येते. विल्फनं तर अजून तिथलं गवतसुद्धा चाखलेलं नाही. आणि म्हातारे पेटिफर गेल्यावर कुरण गेलं त्यांच्या पुतण्याकडे, डंकनकडे. डंकनला गवताच्या जागी चौऱ्याऐंशी घरं दिसायला लागली. प्रत्येकाला दोन मोटारींची जागा.

मात्र कायद्यानं आमच्यासाठी एक दार ठेवलं होतं. गावकऱ्यांनी एखादी जागा वीस वर्षं खेळाबागडायला वापरली असेल, तर ती कायमची गावाची हिरवळ ठरते. मग तिथे कुणाचा बापही वीट ठेवू शकत नाही! अटी तीनच. जबरदस्तीनं घुसलेलं नसावं, लपूनछपून गेलेलं नसावं, आणि मालकाची परवानगी घेतलेली नसावी. परवानगी घेतलीत की तुम्ही पाहुणे. आणि पाहुण्याचा कसला आलाय हक्क!

तसा अर्ज मी आधीच केला होता, आता पुराव्याच्या कामाला लागले. बाबागाडी ढकलत घरोघरी फिरले आणि एकसष्ट साक्षपत्रं गोळा केली. बहुतेक दारात विल्फ भोकाड पसरायचा, मग फॉर्मवर मीच भराभर उत्तरं लिहून समोरच्याला सही करायला लावायचे. 'किती वर्षं जाता?' तेवीस. 'कशासाठी?' कुत्रा. 'मालकाची परवानगी घेतली होती का?' नाही, नाही, नाही, एकसष्ट वेळा नाही! हा प्रश्न विचारायचाच कशाला? उघड्या कुरणात जायला कोण कशाला विचारतंय?

सुनावणीच्या दिवशी शाळेला सुट्टी. त्यामुळे विल्फ माझ्या छातीला बांधलेला, नेल टेबलाखाली खडू घेऊन, आणि माझ्या अंगात आदल्या रात्रीची एकूण तीन तासांची झोप. तपास अधिकारी म्हणून सर्दीनं बेजार झालेल्या एक बाई आल्या होत्या. पुतण्याचे वकील मिस्टर ब्लेंकिन, इस्त्री केलेल्या काकडीसारखे.

पहिला साक्षीदार कॉलिन. गावच्या चर्चची घंटा वाजवणारा, तीन कुत्र्यांचा मालक, सज्जनांतला सज्जन.

"तुम्ही कुंपण तोडून आत जायचात?" ब्लेंकिननी विचारलं.

"छे हो! फाटकातून."

"चोरून?"

"भर दिवसा. तीन कुत्र्यांसकट."

मी टेबलाखालून नेलला अंगठा दाखवला. तिनं त्यावर हिरवा खडू फिरवला.

"म्हणजे," ब्लेंकिन चष्मा पुसत म्हणाले, "तेवीस वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या जमिनीवर तीन कुत्री नेलीत, आणि त्या म्हाताऱ्या माणसाला 'चालेल का?' एवढंसुद्धा विचारलं नाहीत?"

कॉलिन कानांपर्यंत लाल झाला. कुणाच्या तरी कपात चमचा किणकिणला आणि तोही शरमून थांबला.

"माफ करा हं," ब्लेंकिन हळहळले, "या गावात अशीच रीत असेल तर मी काय बोलणार!"

झालं! आमच्या गावाला चोर म्हणा, कंजूष म्हणा, मूर्ख म्हणा. उद्धट म्हणायचं नाही! तिसऱ्या रांगेतून विनिफ्रेडबाई उठल्या. वय वर्षं सत्त्याऐंशी, हातात काठी, डोक्यावर लोकरीची टोपी.

"ओ साहेब! आम्ही काय रानटी वाटलो तुम्हांला? दर रविवारी विचारायचे मी पेटिफरना!"

"विनिफ्रेडबाई, बसा ना जरा!" मी कळवळून म्हणाले.

"का बसू? माझ्या आईनं काही वळण लावलंय मला!"

"मीही विचारायचो," कॉलिन घाईघाईनं म्हणाला. "कुत्र्यांबद्दल तर वेगळं विचारायचो. फॉर्मवर 'नाही' ब्रायनीनं लिहिलं, मला वाटलं ते गाईंबद्दल आहे!"

मग काय, बांधच फुटला! बँडवाल्यांनी विचारलं होतं, पतंगवाल्यांनी विचारलं होतं. जॅमवाल्या बायकांनी तर ब्लॅकबेरी तोडायला दरवर्षी नव्यानं विचारलं होतं, आणि वर लिंबाचा केक पाठवला होता. माझं सगळं साम्राज्य चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं डोळ्यांदेखत गळून पडत होतं, आणि माझेच लोक ते आनंदानं ढवळत होते!

"आणि ते काय म्हणायचे?" ब्लेंकिननी मधाळ आवाजात विचारलं.

सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "'हो. फाटक लावून घ्या!'"

काही जणांनी डोळे पुसले. फार भला माणूस होता हो तो.

मी उभी राहिले. छातीवर बाळ, अंगठा हिरवा. "मॅडम, निदान मी तरी कधीच परवानगी घेतलेली नाही! सात वर्षं! एकदाही नाही!"

"वा," ब्लेंकिन म्हणाले, आणि त्यांनी टेबलाखालून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. म्हाताऱ्यानं आलेलं प्रत्येक पत्र जपून ठेवलं होतं! ब्लेंकिननी एक गुलाबी कार्ड निवडून वर धरलं. त्यावर सहा पायांची गाय होती. खाली खडूनं, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

'प्रिय मिस्टर पेटिफर, माझ्या तिसऱ्या वाढदिवसाला आम्ही तुमच्या कुरणात केक खाल्ला तर चालेल का? प्लीज. नेल.'

कोपऱ्यात पेन्सिलीनं त्यांची नोंद: 'हो कळवलं. फाटक.'

नेल टेबलाखालून बाहेर आली. "आई, ही माझी गाय! तू माझा हात धरून लिहून घेतलं होतंस! 'प्लीज' राहिलं म्हणून परत लिहायला लावलंस!"

मी साफ विसरले होते. पण तो खडूवरचा तिचा हात, त्यावरचा माझा हात आणि तिच्या मानेला येणारा केकचा वास, सगळं एकदम आठवलं. मी खाली बसले. रडावं असं वाटत होतं, पण त्यासाठीही अंगात थोडी ताकद लागते.

अधिकारीबाईंनी फाइल मिटली. निकाल लेखी कळवू म्हणाल्या, पण माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं आपण फुटलेल्या किटलीकडे पाहतो. मग त्यांची नजर चहाच्या टेबलाकडे गेली. "केकचा हा शेवटचा तुकडा मी घेतला तर चालेल?"

"घ्या ना, घ्या ना, प्लीज!" सगळं गाव म्हणालं. अगदी डंकनसुद्धा.

घरी जाताना नेल एकदम थांबली. कुरणाचं फाटक उघडं होतं. आत डंकन आमच्याआधीच पोहोचला होता आणि एका माणसाबरोबर गवतात लाल खुंट्या ठोकत होता. उतारावरून वारा येत होता. विल्फ माझ्या हनुवटीखाली गाढ झोपला होता. जेव्हा नको असतं तेव्हा कसा झोपतो!

"आई, मला एकदाच वरपर्यंत पळायचंय."

"हं."

ती फाटकाच्या पहिल्या आडव्या फळीवर चढली. खुंट्यांकडे तिनं बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून, तिला मीच शिकवलेल्या त्या गोड, नीट आवाजात म्हणाली,

"मी त्या काकांना आधी विचारू, की न विचारताच पळू?"