आईमार्फत ब्रेकदुरुस्ती

ब्रेकमधली हवा काढणं मला येतं, असं मी शनिवारी घरात जाहीर केलं तेव्हा कुणीही हसलं नाही. पाणीपुरवठा खात्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. अख्ख्या वस्तीच्या पाइपांमधली हवा काढणाऱ्या माणसाला एका गाडीच्या ब्रेकची काय मातब्बरी! शिवाय मेकॅनिकला हे काम करताना मी दोनदा पाहिलं होतं. एकदा तर शेजारी उभं राहून सूचनाही केल्या होत्या.

गाडी बाबांची. लाल, दोनच माणसांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. बाबांचं लायसन्स सोमवारी संपणार होतं, आणि आता नवीन मिळणार नाही हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे रविवारी त्यांना ती शेवटची चालवायची होती. लांब नाही, आमच्या रिकाम्या गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. पण गाडी कित्येक महिने उभी होती की ब्रेकचं पेडल दाबलं तर उशीत रुतावा तसा पाय आत जायचा, आणि मेकॅनिकला बुधवारशिवाय वेळ नव्हता.

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा छोटा पोकळ स्क्रू सैल करायचा. स्क्रूला लावलेल्या नळीतून ऑइलबरोबर हवा बाहेर येते. स्क्रू पुन्हा आवळला की मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर बाहेरची हवा उलटी आत शिरते. आमच्याकडे दुसरा माणूस म्हणजे माझा दादा, आणि दादा नि मी अकरा महिने एकमेकांशी बोलत नव्हतो.

झालं होतं असं, की बाबांना नीट दिसत नाही म्हणून दादाने गाडीची किल्ली काढून घेतली होती, आणि मी ती त्याच्या कोटाच्या खिशातून काढून बाबांना परत दिली होती. त्याच संध्याकाळी बाबांनी फाटकाचा डावा खांब आडवा केला. दादा म्हणाला, हे तुझ्यामुळे. मी म्हणालो, खांबच चुकीच्या जागी होता. तेव्हापासून गाडी उभी होती आणि आम्ही गप्प होतो. आमचे निरोप आई पोहोचवायची. ब्रेक आपल्या डोळ्यांसमोर दुरुस्त झाल्याशिवाय बाबांनी गाडी हलवायची नाही, हेही दादाने तिच्याकडूनच कळवलं.

रविवारी सकाळी दादा येऊन सीटवर बसला. मी मागच्या डाव्या चाकाशी मांडी ठोकून बसलो. आई मध्ये उभी राहिली. बाबा बाहेर स्टुलावर, कोट घालून, सकाळपासून तयार होते.

गॅरेज ते केवढं, सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. पण अबोल्यात ऐकू आलेलं धरायचं नसतं, सांगितलेलंच धरायचं. मी म्हणायचो, "आई, त्याला दाबायला सांग." आई खिडकीतून वाकून दादाला विचारायची, "अरे, तो म्हणतोय, जमत असेल तर जरा दाबतोस का? पाठ दुखत नाही ना?" दादा आधी पाठीबद्दल सांगायचा, मग दाबायचा, मग दाबल्याचं आईला सांगायचा. आई माझ्याकडे यायची तोवर मी स्क्रू उघडून आवळलेलाही असायचा.

पुढच्या खेपेला मी थांबून राहिलो. "धरून ठेव म्हणावं," असं सांगून स्क्रू उघडला. आईने निरोप दिला आणि पदरचं एक वाक्य घातलं, "फार थकला असशील तर सोड रे." दादा थकलेला होता. त्याने सोडलं. नळीतले बुडबुडे माझ्या डोळ्यांदेखत उलटे आत चढले.

दुसऱ्या चाकाची कथा हीच. अकरा वाजता आमच्या ब्रेकमध्ये सकाळपेक्षा दुप्पट हवा होती आणि पेडल थेट तळाला टेकत होतं. दादा तणतणत उतरला, बॉनेट उघडून त्याने ब्रेक ऑइलच्या डबीत ऑइल ओतलं, आणि चार थेंब रंगावर सांडले. ब्रेक ऑइल रंग खातं. आईने लगबगीने पुसलं तर फडकं लाल झालं.

आई त्या फडक्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी नीट सांगत नाहीये का रे?"

मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाबा स्टुलावरून उठले. "तू चल आत, तयार हो," ते आईला म्हणाले. "माझ्याशेजारी कोण बसणार?"

"आणि यांचं?"

"यांचं हे बघतील."

दोघं आत गेली. दादा पुन्हा सीटवर बसला. मी पाना लावला, नळी बाटलीत सोडली, आणि आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दोन मिनिटं मी पान्यावर नसलेला गंज पुसला.

"दाब," मी म्हणालो.

"दाबलंय."

"धर." स्क्रू उघडला. फसफसत हवा आली. आवळला. "सोड."

"सोडलं."

अकरा महिन्यांतलं आमचं हे पहिलं संभाषण. दुसऱ्या चाकाला ते जरा सरावाचं झालं. तिसऱ्याला दादा म्हणाला, "हात जपून, जॅक हलतोय." चौथ्या चाकाला पेडल धरून असतानाच त्याने विचारलं, "खरं सांग, बाबांना किती दिसतं?"

"समोरचं दिसतं," मी म्हणालो. "डावीकडचं नाही. खांब जागेवरच होता, दादा."

त्याने पेडल आणखी घट्ट दाबलं. मग म्हणाला, "आई डावीकडेच बसणार आहे. ती सांगेल त्यांना."

दादाने गाडी आधी स्वतः फाटकापर्यंत नेऊन तीनदा थांबवून पाहिली. मग बाबा बसले, शेजारी आई. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्या वेगाने ती दोघं टोकापर्यंत गेली आणि परत आली. आईचा आवाज गल्लीभर ऐकू येत होता, आणि यावेळी ती जमलं तर, थकला असाल तर, असलं काही म्हणत नव्हती. बाबांनी गाडी आमच्या पुढ्यात अलगद थांबवली. किल्ली काढली आणि आपणहून दादाच्या हातात दिली. मग दोघं हळूहळू घरात गेली.

आम्ही दोघं उभे राहिलो. मला खूप बोलायचं होतं, आणि दाब, धर, सोड यापलीकडे एक शब्द सुचत नव्हता.

"मागच्या डाव्या चाकात थोडी हवा राहिली असेल," शेवटी मी म्हणालो.

दादाने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाह्या सरसावल्या. "मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला.

ब्रेक अगदी ठणठणीत होते. पण बोलायला निमित्त हवं, आणि गाडीला चारच चाकं असतात, त्याला आम्ही काय करणार!