अंबादास मास्तरांचा पांढरा

आमच्या वरच्या फ्लॅटमधले अंबादास मास्तर कशालाही नुसतं पांढरं म्हणत नाहीत. दूध त्यांच्या लेखी पिवळट, चुना कोरडा आणि माझ्या नवऱ्याचा नवा शर्ट "मेलेला पांढरा". नवऱ्यानं तो शर्ट पुन्हा अंगाला लावला नाही. टॉवेलच्या कारखान्यात पस्तीस वर्षं ब्लीचिंगवर काढली की माणूस असा होतो म्हणे. मग बाकीचे का नाही झाले, असं मी विचारते. मालकानं एकदा पांढरेपणा मोजायचं मशीन आणलं, तर मास्तरांनी त्यावर आपला जेवणाचा डबा ठेवायला सुरुवात केली.

अशा माणसाला तारा दाखवायची दुर्बुद्धी मला झाली. मी शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर संध्याकाळी आठच्या सुमाराला गच्चीवर मी त्यांना दक्षिणेकडं, विजापूर रोडच्या बाजूला, एकटाच चमकणारा मीनास्य दाखवला. दक्षिण मत्स्य तारकासमूहातला हा पांढरा तारा, असं सांगितलं. पांढरा म्हटल्यावर मास्तर तडक खाली गेले आणि धुतलेला टॉवेल घेऊन आले. तो ताऱ्याशेजारी धरून दहा मिनिटं बघत राहिले.

"नीळ नेमकी पडल्या," म्हणाले. "कामगार चांगला हाय."

मग रोज प्रश्न. मी सांगितलं, हा सूर्याच्या जवळजवळ दुप्पट मोठा, उजेड सोळा-सतरा पट. अंगाची उष्णता साडेआठ हजार अंश, म्हणून पांढरा. सूर्य त्याहून थंड, म्हणून पिवळसर.

"म्हणजे सूर्याला ताव कमी पडला," मास्तर म्हणाले.

ताऱ्याभोवती धुळीचं मोठं कडं आहे म्हटल्यावर ते काळजीत पडले. पण आज दिसतो तो उजेड पंचवीस वर्षांपूर्वी तिथून निघालाय, हे ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली. "पंचवीस वर्षांचा जुना स्टॉक, आन पिवळा न्हाय. ह्याला म्हणायचं पक्का पांढरा." इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला तारा असा कळला नव्हता. मला हेवाच वाटला.

यंदा दिवाळी झाली आणि मास्तर गच्चीवरून म्हणाले, "बाई, तुमचा तारा पिवळा पडालाय."

मी म्हटलं, फटाक्यांचा धूर असेल. चार दिवसांनी आभाळ लख्ख झालं, तरी पिवळाच. त्यात ते कारखान्यातूनही चिडून आलेले. तिथं सुजाता म्हणून एक बाई चेकिंगला. मास्तरांनीच तिला तयार केलेली, मालकाशी भांडून त्या टेबलावर बसवलेली. बायको गेली, मूलबाळ नाही, सगळा जीव ह्या पोरीत. "माझ्यामागं हीच," असं सगळ्यांना सांगत. त्या सुजातानं पास केलेला माल मास्तरांनी पिवळा म्हणून परत फेकला. ती म्हणाली, "मास्तर, पांढरा हाय." तर चारचौघांत तिला म्हणाले, "तुला नजर न्हाय," आणि शिलाईला बसवलं. हे मला त्यांनीच सांगितलं, ताऱ्याला शिव्या घालता घालता.

"मास्तर, तारा एका वर्षात पिवळा पडत नाही हो. कोट्यवधी वर्षं लागतात."

"मग काय माझा डोळा पडला?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं.

मोतीबिंदूच निघाला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा काढायची परवानगी दिली, त्या संध्याकाळी मास्तर गच्चीवर हजर. डावा डोळा झाकून बघितलं, उजवा झाकून बघितलं. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक.

"ह्या डोळ्यानं पांढरा, ह्या डोळ्यानं पिवळा," म्हणाले. मग कठड्याला टेकून हळूच म्हणाले, "म्हणजे पोरगी बरोबर होती की."

आपण चुकलो हे कळल्यावर माणसं नशिबाला बोल लावतात, डॉक्टरला लावतात. ह्यांनी कुणालाच लावला नाही. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

स्कूटर चालवायची बंदी होती, म्हणून सकाळी मीच त्यांना कारखान्यात सोडलं. ते सरळ शिलाईत शिरले. एकेक मशीन थांबत गेलं. सुजाता उठून उभी राहिली.

"नजर तुझी खरी," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझीच गेलती. चुकलं माझं."

तिनं खाली बघितलं. मग विचारलं, "डोळा दुखतोय का, मास्तर?"

मास्तर तिला घेऊन चेकिंगच्या टेबलापाशी गेले आणि ताज्या मालातला एक टॉवेल तिच्या हातात दिला. "कसा हाय, सांग."

तिनं तो खिडकीशी नेला, उलटसुलट केला. "पांढरा हाय. नीळ अंमळ जास्ती."

मास्तरांनी पासचा शिक्का मारला.

"मास्तर, तुमी बघितलाच न्हाय की."

"तू बघितलास न्हवं," मास्तर म्हणाले आणि शिक्का तिच्या हातात ठेवला.