गादीवरचा विचार

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्याच वर्षी मला गाद्यांच्या कारखान्याचा व्यवस्थापक केलं. पण महिनाभराच्या बोलीवर!

मालक म्हणाले, "तुम्हाला कापूस कळतो, शिलाई कळते. पण व्यवस्थापकाला अख्खा कारखाना एका चित्रात दिसायला हवा. काय कुठे अडतंय, का अडतंय, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सांगा. नाही दिसलं, तर परत शिलाईवर."

"एवढंच ना!" मी म्हणालो. चाळिशीत अक्षरं शिकलेला माणूस मी. चित्र काय, चुटकीसरशी दिसेल!

तो शनिवार उजाडला तरी काही दिसेना. दुपारी दारापाशी ठेवलेल्या नव्या गादीवर जरा टेकलो. मोठा विचार आडवं पडूनच करावा, असं माझं मत. डोळे मिटले आणि दिसलं हो! कापूस ढगांसारखा तरंगत आला, सुया माशांसारख्या पोहत गेल्या, भिंती हळूच उडून गेल्या. मीही तरंगू लागलो. काय हलकं वाटत होतं!

वाटणारच. दोन हमालांनी गादी उचलली होती.

मागून कळलं ते असं. टकल्या हमाल म्हणाला, "अरे, वर साहेब आहेत!"

"गादीला पत्त्याची चिठ्ठी आहे ना?" मिशाळ म्हणाला. "मग उचल. चिठ्ठी लागली की विचारत बसायचं नाही, हा नियम कोणाचा? साहेबांचाच!"

दरवानाने 'गादी एक' लिहून फाटक उघडलं. टेम्पोवाला म्हणाला, "हळू हं, साहेब विचार करताहेत!"

जाग आली तेव्हा वर अनोळखी छत, आणि उशाशी चादर घेऊन उभ्या मालकांच्या आई!

"अरे, तू गादी मागवलीस की माणूस?" त्या ओरडल्या.

मालक धावत आले. "काय हो हे?"

झालं, परत शिलाई! पण तोंडातून निघून गेलं, "मालक, दिसलं! कारखान्यापासून तुमच्या खोलीपर्यंत सगळं दिसलं. चौघांच्या हातून आलो, एकानेही मला हाक मारली नाही. घोडं अडलंय ते माझ्याच नियमापाशी."

मालक खो खो हसत गादीवर माझ्या शेजारीच बसले. "जागा तुमची. नियम तेवढा बदला."

सोमवारी मी भिंतीवर माझ्या हाताने लिहिलं: उचलण्याआधी हाक मारा.

घरी बायको म्हणाली, "म्हणजे झोपून बढती मिळवलीत!"

मालक पाच वर्षांनी, माझी नात झाली त्या महिन्यात, त्याच गादीवर झोपेत वारले. उचलण्याआधी मी हाक मारली. दोनदा.