अठरा परदेशी आणि एक कबूतर

सरकारदरबारी पाहिलं, तर पुनावळ्यातल्या सोपानअप्पांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अठरा परदेशी माणसं राहत होती. प्रत्यक्षात तिथं एक कबूतर होतं. तेही गॅलरीत.

ही करामत कळायची तर आधी अप्पा कळायला हवेत. आज आमचे टॉवर उभे आहेत तिथं पूर्वी अप्पांची मेथी डोलायची. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं त्यांना समोरासमोर दोन फ्लॅट दिले. एकात अप्पा एकटे राहतात. दुसरा ते चाकणच्या कारखान्यांत येणाऱ्या परदेशी इंजिनियरांना भाड्यानं देतात. मी वरच्या मजल्यावरचा, चाकणलाच नोकरीला. अप्पांच्या लेखी मी 'इंजनेर', म्हणजे लॅपटॉपवर फुकट काम करणारा प्राणी.

नियम असा आहे, की परदेशी पाहुणा घरात उतरला की चोवीस तासांच्या आत घरमालकानं त्याची सरकारकडे ऑनलाइन नोंद करायची. तो गेला, की गेल्याचीही करायची. यातला पहिला अर्धा नियम अप्पांच्या असा काही अंगात आला, की पाहुण्याचं विमान आभाळात असतानाच माझं दार वाजू लागलं.

"नोंद झाली का?"

"अप्पा, माणूस अजून जमिनीवर उतरला नाही!"

"आपल्या हद्दीत तर शिरला आसंल की!"

पुढंपुढं परदेश नेमका कुठं सुरू होतो, याचा अंदाजही त्यांना राहिला नाही. माझ्या सासूबाई लातूरहून आल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आत अप्पा हजर. "नोंद झाली का?" सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं आहे. केबलवाला औंधचा, म्हणजे मुळा नदीपलीकडचा. आधारकार्ड दाखवल्याशिवाय अप्पांनी त्याला जिना चढू दिला नाही. क्रिकेटची अख्खी मॅच आम्ही निळ्या पडद्यावर पाहिली.

सरकारी नोंद झाली, की घरची नोंद. अप्पा भांड्यांच्या दुकानात जाऊन पाहुण्यासाठी स्टीलचा पेला घेत आणि त्यावर नाव घालून आणत. 'श्री. किम, मु. पो. सोल.' एका जर्मनाचं नाव पेल्यावर मावेना, म्हणून त्याच्यासाठी तांब्या घेतला.

पण गेल्याची नोंद? नाव नको! निघणाऱ्या प्रत्येकाला अप्पा उंबऱ्यावर अडवायचे. "जातो म्हनू न्हाई, बाबा. येतो म्हन." जपानी माणूस कमरेत वाकून 'येतो' म्हणायचा आणि टॅक्सीत बसायचा. मी लॅपटॉप उघडला, की अप्पा त्याचं झाकण पाडायचे.

"येतो म्हनलाय त्यो. सरकारला खोटं कळवायचं व्हय?"

असे अठरा जण 'येतो' म्हणून गेले आणि कॉम्प्युटरमध्ये तिथंच राहिले.

शेवटी परवा चौकशीला फौजदार मॅडम आल्या. नेमका त्याच सकाळी पार्क नावाचा नवा कोरियन इंजिनियर उतरला होता. घर भरलंय म्हणून कॉम्प्युटर त्याची नोंद घेईना, आणि नोंद झाल्याशिवाय अप्पा त्याला आत घेईनात. बिचारा जिन्यात बॅगेवर बसून आमच्याकडं बघून हसत होता.

"अठरा माणसं दोन खोल्यांत?" मॅडम म्हणाल्या. "झोपतात कशी?"

"पाळीनं," मी घाबरून बोलून गेलो. "शिफ्ट असते ना."

अप्पांनी शांतपणे कपाट उघडलं. सतरा पेले आणि एक तांब्या. "ही बघा. समदी हायत. जरा भायेर गेलीत."

"कधीपासून?"

"ह्यो किम व्हय? म्हस इकली तवापासून."

मॅडम तोंड फिरवून बराच वेळ खोकल्या. मग म्हणाल्या, "अप्पा, संध्याकाळपर्यंत सगळे गेले म्हणून दाखवा. नाहीतर तुमचं नोंदणीचं खातं बंद. मग या पार्कची नोंद होणार नाही आणि पुढंही कुणाची होणार नाही."

मला वाटलं, आता अप्पा मॅडमनाच नोंद झाली का विचारणार. पण 'पुढंही कुणाची' ऐकलं आणि या सहा फुटी गड्यानं हात जोडले. "खातं बंद नगं, मॅडम. काय वाट्टेल ते करा, खातं बंद नगं."

संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन बसलो. एकेकाला 'गेले' करत गेलो. नाव उच्चारलं, की अप्पा त्याचा पेला काढायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि पुन्हा कपाटातच ठेवायचे. तांब्याला जरा वेळ लागला. मग पार्कची नोंद झाली, आणि अप्पांनी त्याला हाताला धरून आत नेऊन पिठलं-भाकरीसमोर बसवलं.

"झालं, अप्पा. वाचलं खातं," मी म्हणालो. "पण एवढं काय घाबरायचं? परदेशी नसता मिळाला, तर देशी भाडेकरू ठेवला असता."

अप्पांचा मुलगा मंगेश कॅनडात असतो. तिथं कायमचं राहायची परवानगी मिळाली, तेव्हा अप्पांनी सगळ्या सोसायटीला पेढे वाटले होते.

"मंग्या आता तिथलाच झालाय," ते म्हणाले. "पासपोर्टबी तिथला. दिवाळीला येतो म्हनलाय. दर दिवाळीला म्हनतो. पर आलाच, तर परदेशी मानूसच की त्यो. चोवीस तासांत नोंद कराया नगं?"

आत पार्क पिठल्याच्या तिखटानं हुसहुस करत होता. अप्पांनी पाण्याचा तांब्या उचलला, आत जायला निघाले आणि दारात थांबले.

"इंजनेर, मंग्या आल्याची नोंद मी माझ्या हातानं करनार. तेवढं एक शिकव मला."

"शिकवतो, अप्पा."

"आन् गेल्याची तू कर. मला दाखवू नगं."