आगारीचा धूर

अमेरिकेत, नेपरव्हिलला, मुलाच्या घरातला स्मोक अलार्म बोंबलायला लागला, तेव्हा मालिनीबाईंच्या हातात तुपाची वाटी होती. नवऱ्याचं वर्षश्राद्ध. जळगावकडच्या रीतीनं गोवरीच्या निखाऱ्यावर घास ठेवून, तूप सोडून त्या आगारी देत होत्या. धूर वर गेला की गेलेल्या माणसाला पोचलं. पण या मेल्या देशात धूर छतापाशी पोचला तरी घर कोकलतं, तो वर कुठला जाणार!

"आई, ते डेकवर घे!" विनय ओरडला. नेमकं हेच त्यानं सांगायला नको होतं. उपग्रहाच्या आकड्यांवरून हवेतलं प्रदूषण अभ्यासणं हा त्याचा धंदा, आणि ते आकडे ताडून बघायला त्यानं स्वतःच डेकवर एक सेन्सर ठोकला होता. मालिनीबाईंनी निखारा बरोब्बर त्याच्याखाली ठेवला.

झालं! लॅबमधून रुचाचा फोन. विनयनं स्पीकर लावला.

"विनय, यार, तुझ्याकडे फॅक्टरी पेटलीय का? आज ढगांमुळे सॅटेलाइटला काही दिसत नाहीये, सगळी भिस्त तुझ्या सेन्सरवर. प्रोफेसरांनी अलर्टसुद्धा पाठवला!"

"अगं, आईची आगारी आहे ती!"

"आगारी? ही कसली इंडस्ट्री?"

तिला समजावेपर्यंत शेजारणीनं धूर बघून बंब बोलावला होता. आलेल्या जवानानं "सॉरी, मॅम" म्हणत अदबीनं निखाऱ्यावर पाणी ओतलं आणि चर्र झालं.

बंब गेला. मालिनीबाई मटकन खाली बसल्या. "घास अर्धाच जळला होता रे. वर्षभर थांबले असतील, आता ह्यांना पोचायचं कसं?" आणि त्यांना रडूच फुटलं.

विनय त्यांच्याशेजारी येऊन बसला. व्हिसाच्या भानगडीत वडिलांच्या शेवटच्या दुखण्यातही त्याला जाता आलं नव्हतं.

"तुझ्या उपग्रहाला तरी दिसला का रे धूर?"

आकड्यात आयुष्यात कधी लबाडी न केलेला विनय म्हणाला, "दिसला ना, आई. पार वरपर्यंत गेला."

मालिनीबाईंनी भरलेल्या आभाळाकडे पाहिलं. "ती रुचा तर आत्ताच म्हणाली, ढगांमुळे काही दिसत नाहीये म्हणून."

विनयची मान खाली गेली. त्यांनी पदरानं आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"असू दे. 'पुढच्या आठवड्यात येतो, बाबा' असं तू फोनवर सांगायचास, तेव्हा हेही 'बरं, ये' म्हणायचे. आणि फोन ठेवला की मला म्हणायचे, 'त्याला येता येणार नाही हे मला कळतंय, पण तसं पोराला सांगू नकोस.'"