कोंडाजीचा डोंगर

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात टाकवे बुद्रुकच्या चावडीत ग्रामसेवक निवृत्ती गुडघे टेकून फरशीवर खडूनं डोंगर आखत होता. गावामागचा खरा डोंगर शेळ्यांनी बोडका केला होता आणि त्यावरचा झरा यंदा माघातच आटला होता. डोंगराचा काही भाग चराईला बंद ठेवा, असं सांगून तो थकला होता. ऐंशी शेळ्यांचा धनी कोंडाजी दर वेळी एका वाक्यात सभा उठवायचा, "मग शेळीनं काय चावडीत चरायचं व्हय?"

म्हणून निवृत्तीनं हा खेळ रचला. डोंगराची चोवीस घरं, घरात लिंबाची पानं म्हणजे गवत, चिंचोके म्हणजे शेळ्या. शेळ्यावाल्यानं चिंचोके हलवून पानं उचलायची. डोंगरवाल्यानं दर डावाला खडे ठेवून दोन घरं बंद करायची; तिथं पानं पुन्हा वाढणार. कोंडाजीला शेळ्या द्यायच्या, तो हावऱ्यासारखा खेळून सगळा डोंगर उजाड करील, आणि मग त्याचे डोळे उघडतील, असा बेत होता.

गाव जमल्यावर दोन चिठ्ठ्या केल्या. शेळीच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडून निवृत्तीनं ती पुढे केली. "घ्या आबा."

कोंडाजीनं डोळे बारीक केले. "हीच का म्हून फुडं करतुयास? ही तुलाच ऱ्हाऊ दे. दुसरी आन."

दुसरीत डोंगर निघाला!

निवृत्तीला घाम फुटला. बैठ्या खेळात कोंडाजी आजवर कुणाकडून हरला नव्हता. तो चवड्यांवर बसला आणि पटापट खडे ठेवू लागला.

"ए, हितं न्हाई! हाकल तुजी ती शेळी! वरची समदी खाल्लीस, आता खाली कुटं निगालास?"

बाराव्या डावाला एकही घर मोकळं उरलं नाही.

"जितलो!" कोंडाजीनं मांडीवर थाप मारली.

"काय जितलास?" त्याची थोरली बहीण कस्तुराबाई दारातून म्हणाली. "शेळ्या उपाशी मेल्या की समद्या. त्यात ऐंशी तुज्याच."

कोंडाजीचा चेहरा उतरला. मग त्यानं सोळा घरांवरचे खडे उचलले. "तिसरा हिस्सा बंद. बाकी मोकळं. साल सरलं की बंद हिस्सा बदलायचा. शेळी बी जगंल, डोंगर बी. कुनाची हरकत हाय?"

हरकत घेणारा गावात तो एकटाच होता.

"पण राखण कोण करणार?" निवृत्तीनं भीत भीत विचारलं.

"कोन म्हंजी? डोंगर माजा हाय, मीच करनार! आन बंद हिश्शात ज्याची शेळी घावंल, त्यानं दोन दिस दगडाचा बांध घालायचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात जोरात निवृत्तीनं.

आठ दिवसांनी कोंडाजी एका शेळीला कानाला धरून चावडीत आला. "घावली बग पयली!"

"वा आबा! कुणाची?"

"तुज्या बायकूची."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात निवृत्ती डोंगरावर बांध घालत होता. कोंडाजी करवंदीच्या सावलीत बसला होता.

"त्यो गोटा नगं, ढासळंल. चपटा घे."

निवृत्तीनं चपटा दगड उचलला. कंबर मोडून आली होती; पण नोकरीला लागल्यापासून इतक्या खुशीत त्यानं एकही काम केलं नव्हतं.