तामारोआचे संकेतस्थळ

"अजून कुणीच नाही?" हुहानाने विचारले.

"आहेत की. तू आणि मी," रेवी खिन्नपणे आपल्या बहिणीला म्हणाला.

होकियांगाच्या त्या मराएवर, म्हणजे कुळाच्या सभागृही, दुसऱ्या दिवशी संमेलन भरावयाचे होते आणि अन्नव्यवस्थेचा संपूर्ण भार रेवीच्या शिरावर होता. मूळपुरुष तामारोआ याच्या नावाने त्याने अत्यंत भक्तिभावाने संकेतस्थळ उभारले होते. येणाऱ्यांनी तेथे नावे नोंदवावीत, म्हणजे हांगीच्या खड्ड्यात किती मांस पुरून शिजवावयाचे ते कळावे, अशी योजना होती. पत्त्यातील पूर्वजाच्या नावावर दीर्घ स्वराची रेघसुद्धा त्याने आग्रहपूर्वक घालून घेतली होती.

"कुईनी आत्याला विचारलं नाहीस ना? तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. बस आता!" हुहाना म्हणाली.

"मग तिनं माझ्यावर रागवावं. मूळपुरुषावर कशाला?"

पाहुणा उपाशी परतला तर मराएची मान कायमची खाली. परंतु अन्न मातीत घालणे हेही तितकेच लज्जास्पद. विदीर्ण अंतःकरणाने रेवीने सांगून ठेवलेली डुकरे रद्द केली आणि सकाळी घरच्यांपुरती कोंबडी व रताळी खड्ड्यात झाकली.

ऊन चढते न चढते तोच ऑकलंडची बस आली. तिच्यामागे दुसरी. मग गाड्यांची रांगच लागली. स्वागताची साद घालता घालता हुहानाचा आवाज बसला. रेवीने कुईनी आत्याला स्वयंपाकघरामागे गाठले.

"आत्या, नावं का नाही नोंदवली कुणी?"

"कशी नोंदवतील? मीच घरोघर फोन केले. ते चोरांचं आहे म्हटलं, हात लावू नका!"

तिने पिशवीतून जुनाट टॅबलेट काढला. ब्राउझरच्या पट्टीत पूर्वजाचे नाव नव्हतेच. तेथे एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे निरर्थक अक्षरांची झुंबड होती.

"बँकेतली पोरगी म्हणाली, असलं काही दिसलं की पळायचं."

"अगं, तो तामारोआच आहे! तुझ्या जुन्या ब्राउझरला रेघेचं अक्षर दाखवता येत नाही, म्हणून तो हे असलं काढतो."

"हा तामारोआ?" आत्या पडद्याकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आणि जेवण?"

"घरच्यांपुरतं."

आत्याचा चेहरा काळवंडला. ती काठी आपटत अंगणात गेली.

"ऐका रे सगळे! चोर आहेत म्हणत होते ना मी? आमच्या रेवीची डुकरंसुद्धा नेली मेल्यांनी!"

जनसमुदायातून हळहळ उठली. गाड्यांच्या डिक्या उघडल्या. कुणी शिंपले आणले, कुणी मासे, कुणी पाव. मराएची लाज राहिली. तेव्हा कुळातील सर्वांत वृद्ध गृहस्थ थरथरत उभे राहिले आणि त्यांनी शपथ घातली, की तामारोआच्या वंशातील कोणीही ते संकेतस्थळ आजन्म उघडणार नाही.

सगळ्यांचे हात वर झाले. आत्याने रेवीला काठीने ढोसले.

"तूपण कर."

रेवीने हात वर केला.